टिंकरिंग लॅब मिळाली, पण शिकवायचं कसं? एका विज्ञान शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: ग्रामीण भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत या मॅडम आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. शाळेला केंद्र सरकारच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं जोडून बघायची प्रयोगशाळा, मिळून बरेच महिने झाले, पण सामानाचे डबे अजून कपाटातच आहेत. वर्गात ४२ मुलं, चालू स्थितीतले संगणक ८, आठवड्याला दोन तासिका. मॅडमचं बी.एस्सी. भौतिकशास्त्रात झालंय, प्रोग्रॅमिंग त्या कधी शिकलेल्या नाहीत. मुख्याध्यापकांना यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात ‘रोबोट’ हवा आहे. सुरुवात कुठून करू, कोणतं किट घेऊ, कोणती भाषा शिकवू, आणि मला स्वतःला येत नसेल तर मी हे शिकवावं का, असं त्या विचारतात.

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तुम्ही भौतिकशास्त्राच्या आहात ही तुमची अडचण नाही, ते तुमचं भांडवल आहे. मी १२ वर्षं एमआयडीसीत मशिनांच्या कंट्रोल पॅनलची कामं केली आणि गेली १० वर्षं शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग आणि रोबोटिक्स शिकवतोय. कारखान्यात मशीन चालू असताना मला कधी कुणी बोलावलं नाही. बोलावणं यायचं ते बंद पडल्यावर. शाळेतही मला हेच शिकवण्यासारखं वाटतं: एखादी गोष्ट चालत नसेल तर ती का चालत नाही, हे अंदाज बांधून, मोजून, एकेक शक्यता बाजूला सारत शोधून काढणं. हे ज्या मुलाला आलं त्याला पुढे कुठलाही बोर्ड द्या, कुठलीही भाषा द्या, ते शिकून घेतं. आणि हे शिकवायला प्रोग्रॅमिंगमधली हुशारी लागत नाही, प्रयोगशाळेची शिस्त लागते. ती तुमच्याकडे आहे.

आता कपाटातल्या डब्यांबद्दल. ते बंद का राहतात हे मी बऱ्याच शाळांत पाहिलंय. कारण एकच, डेडस्टॉक. सगळं सामान जडवस्तू नोंदवहीत चढवलेलं असतं. मुलाच्या हातून सेन्सर जळाला तर निर्लेखनाची (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची) कटकट आणि जबाबदारी शिक्षकावर. म्हणून पहिलं काम मुख्याध्यापकांसोबत बसून करा. संगणक, थ्रीडी प्रिंटर, पॉवर सप्लाय, तारा डाख देऊन जोडायचं सोल्डरिंग स्टेशन या वस्तू डेडस्टॉकमध्ये राहू द्या. एलईडी, रेझिस्टर (विद्युत रोध), जंपर वायर, सेल, छोटे सेन्सर, छोट्या मोटारी यांना रीतसर उपभोग्य साहित्य म्हणून वेगळ्या नोंदवहीत घ्या. रसायनं आणि परीक्षानळ्या फुटतात, संपतात, तसंच हे. ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. त्यातले १० लाख उभारणीचे आणि १० लाख पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाचे. चालवण्याचा खर्च म्हणून वेगळी रक्कम धरली आहे, म्हणजे वस्तू वापरून संपणार हे योजनेनंच गृहीत धरलंय. हे मुख्याध्यापकांना शांतपणे दाखवा. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या आहेत, त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न पुढे खूप शाळांना पडणार आहे.

पहिला महिना अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम टाकून दिवे-मोटारी चालवायच्या छोट्या बोर्डाला, हातही लावू नका. मी मुलांना टॉर्च देतो. साध्या दोन सेलच्या टॉर्च, सात गटांना सात, आणि प्रत्येकीत आदल्या दिवशी एक बिघाड करून ठेवलेला. एकीत सेल उलटा, एकीतला बल्ब गेलेला, एकीच्या स्प्रिंगवर गंज, एकीच्या सेलच्या टोकावर वहीच्या कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवलेला. नियम एकच: हात लावायच्या आधी वहीत लिहायचं की मला काय वाटतं आणि ते खरं असेल तर मला काय दिसायला हवं. मग उघडायचं. कागदाच्या तुकड्याची टॉर्च सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण सेल चांगला, बल्ब चांगला, स्प्रिंग चांगली आणि तरीही उजेड नाही. एका वर्षी आठवीतली एक मुलगी बराच वेळ ती टॉर्च घेऊन बसली होती. शेवटी तिनं मल्टीमीटरची (व्होल्ट, करंट मोजायच्या यंत्राची) एक पिन सेलच्या मागे धरली आणि दुसरी पुढे पुढे सरकवत नेली: इथे व्होल्ट आहेत, इथेही आहेत, इथे नाहीत. जिथे आकडा शून्य झाला तिथे तिनं नखानं खरवडलं आणि कागद निघाला. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन पॅनलमध्ये याहून वेगळं काही करत नाही.

म्हणून खरेदीच्या यादीत पहिली वस्तू मल्टीमीटर. दोन-अडीचशे रुपयांचा साधा डिजिटल चालतो, प्रत्येक गटाला एक हवाच. एक काळजी घ्या: त्याच्या १० अँपियरच्या भोकावर सुरुवातीला चिकटपट्टी लावून टाका. मुलं लाल वायर तिथे खुपसून थेट सेलची दोन टोकं धरतात, म्हणजे सेल सरळ शॉर्ट होतो. करंट मोजणं नंतर, व्होल्टेज आणि वायर सलग आहे की नाही ते ‘टीं’ वाजवून बघणं आधी.

याच महिन्यात संगणकाशिवाय संगणकशास्त्रही सुरू करता येतं. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं पाच मुलांच्या हातात द्या आणि वर्गाला ० ते ३१ आकडे ‘दाखवायला’ सांगा, द्विमान (बायनरी) पद्धत एका तासात समजते. एकाला रोबोट करा आणि बाकीच्यांनी दारापासून फळ्यापर्यंत त्याला नुसत्या सूचनांनी न्यायचं. ‘वळ’ म्हटल्यावर किती वळायचं, हा प्रश्न त्या रोबोट झालेल्या मुलाकडूनच येतो. अशा पाठांचं चांगलं साहित्य एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला या उपक्रमानं तयार केलंय, मराठीतही आहे. बेब्रास नावाची विचारकोड्यांची स्पर्धा भारतात तेच घेतात. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आहे आणि तिच्यातली कोडी सोडवायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. ४२ मुलं आणि ८ संगणक असताना अर्धा वर्ग या कामात आणि अर्धा संगणकावर, असं आलटून पालटून छान चालतं.

दुसऱ्या महिन्यात पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि त्यातही आधी टर्टल. पडद्यावर एक कासव असतं, ते पुढे जातं, वळतं आणि मागे रेघ सोडतं. ही कल्पना जुनी आहे. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा केली, तिच्यातून हे कासव आलं. पायथॉनसोबत ते आपोआप येतं, इंटरनेट लागत नाही. पहिलं काम देतो समभुज त्रिकोण काढायचं. जवळजवळ प्रत्येक मूल लिहितं: १०० पुढे जा, ६० अंश वळ, असं तीनदा. का? कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ आहे. पडद्यावर त्रिकोण येत नाही, अर्धा षट्कोन येतो. इथे घाई करू नका, उत्तर सांगू नका. मुलांना वर्गात जमिनीवर खडूनं त्रिकोण काढून त्याच्या कडेनं चालायला सांगा. कोपऱ्यावर पोचल्यावर आपलं नाक कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे बघितल्यावर त्यांना कळतं की आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, म्हणजे १२०. मग चौकोन, पंचकोन, आणि कुणीतरी ओरडतं, ‘सर, सगळ्यांची बेरीज ३६० येते!’ बहिर्कोनांच्या बेरजेचं प्रमेय मी इतक्या वर्षांत इतक्या पक्क्या रीतीनं दुसऱ्या कुठल्या मार्गानं पोचलेलं पाहिलं नाही. पुढे ठिपक्यांची रांगोळी. त्यातूनच ‘तेच ते पुन्हा’ म्हणजे लूप आणि लूपच्या आतला लूप येतो. रांगोळी घालणाऱ्या मुली इथे सगळ्यांच्या पुढे असतात, कारण आकृतीतला पुन्हा पुन्हा येणारा भाग ओळखायची सवय त्यांच्या हाताला असते.

प्रोग्रॅम चालवायच्या आधी प्रत्येकानं वहीत लिहायचं, काय होईल. ही एकच सवय लावली आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ज्याचा अंदाज चुकतो त्याचा प्रोग्रॅम त्या तासाला सगळा वर्ग मिळून बघतो. मुलांना आधी संकोच वाटतो, मग महिन्याभरात तेच हात वर करतात: ‘माझा बघा, माझं भलतंच आलं.’

भाषेबद्दल दोन शब्द, कारण मराठी माध्यमाच्या शाळेत हा प्रश्न येतोच. समजावून सांगणं पूर्ण मराठीत करा, पण शब्द जे वापरात आहेत तेच ठेवा. व्हेरिएबलला ‘चल’ म्हणा, बीजगणितातून तो ओळखीचा आहे. लूपला लूपच म्हणा. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: पायथॉनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. ‘तापमान’, ‘वय’, ‘गुण’ अशी नावं चक्क चालतात. प्रोग्रॅममधले आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात. गंमत अशी की प्रोग्रॅम चालू असताना मुलानं देवनागरीत १२ टाइप केलं आणि ते ‘इंट’मधून (टाइप केलेल्याचा पूर्णांक करणाऱ्या सूचनेतून) नेलं तर पायथॉन त्याचे बारा बरोबर करतं. पहिले दोन-तीन आठवडे देवनागरी नावं वापरू द्या. इंग्रजीची भीती असलेलं मूल त्या काळात लिहितं होतं आणि मग स्वतःहून इंग्रजी नावांकडे वळतं. चूक झाली की लाल अक्षरात येणारा इंग्रजी संदेश मात्र पहिल्या दिवसापासून वाचायला लावा. शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळीचा क्रमांक बघायचा. आपल्याकडे मुलं लाल रंग दिसला की खिडकी बंद करतात.

आता अर्डुइनो. तुमच्या डब्यात बहुधा त्यातला ऊनो हा बोर्ड असेल. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात शिकणाऱ्यांसाठी म्हणूनच अर्डुइनोची सुरुवात झाली, त्यामुळे थोड्याफार चुका तो सहन करतो. त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, पेन ड्राइव्हवर आणून आठही संगणकांवर टाका. बोर्ड मूळ इटालियन नसून स्वस्तातला असेल तर त्याच्यावर बहुतेक वेळा सीएच३४० ही यूएसबीची चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. ‘पोर्ट दिसत नाही’ ही पहिल्या दिवसाची तक्रार निम्म्या वेळा त्यामुळेच येते, आणि उरलेल्या निम्म्यात केबल फक्त चार्जिंगची असते.

एलईडी लावताना नववीचं धाराविद्युत प्रकरण शेजारी उघडून ठेवा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, बोर्डाची पिन देते ५, उरले ३. त्याला २२० ओहमनं भागलं की साडेतेरा मिलिअँपियर. पिनमधून २० च्या वर नेऊ नये, म्हणजे आपण सुरक्षित आहोत. हे गणित मुलांनी करायचं, मग मल्टीमीटरनं रेझिस्टरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजून ताळा घ्यायचा. ओहमचा नियम त्या दिवशी त्यांच्या हातात असतो.

बटण शिकवताना मी मुद्दाम चुकीची जोडणी करून देतो. एका बाजूला ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला पिन, आणि बाकी काही नाही. बटण न दाबताही एलईडी लुकलुकतो. बोट वायरजवळ नेलं तरी लुकलुकतो. मुलांना वाटतं बोर्डात भूत आहे. मग विचारायचं: बटण सुटलेलं असताना ती पिन कशाला जोडलेली आहे? कशालाच नाही, लोंबकळतेय. मग ती आसपासचं काहीही पकडते. पिनला आतूनच ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर चालू करायचा आणि बटणाची दुसरी बाजू ग्राउंडला (शून्य व्होल्टला) न्यायची. ‘बटण दाबलं की शून्य’ हे उलटं वाटतं, पण एकदा भूत पाहिलेलं मूल ते विसरत नाही.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर तर थेट नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’मधून उतरलाय. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. इंटरनेटवरून तयार सूत्र उतरवू देऊ नका. भिंतीपासून फूटपट्टीनं बरोबर ५० सेंटिमीटरवर ठेवा, वेळ वाचा. २,९०० च्या आसपास मायक्रोसेकंद येतील. आवाज जाऊन परत आला, म्हणजे एक मीटर, भागिले ०.००२९ सेकंद: ३४५ मीटर प्रति सेकंद. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. पुस्तकातला ध्वनीचा वेग मुलांनी स्वतः मोजलेला असतो. पुढच्या तासाला समोर पुठ्ठा, मग स्वेटर, मग तिरकी धरलेली पाटी. स्वेटर आवाज शोषून घेतो, तिरकी पाटी भलतीकडे पाठवते. सेन्सर ‘खोटं’ कधी बोलतो हे माहीत असणं अभियंत्याच्या कामाचा मोठा भाग आहे.

आणि मोटारी. इथे थोडा थांबतो, कारण जवळजवळ प्रत्येक शाळेत गाडी इथेच अडते आणि किटसोबत दिलेली बॅटरीच तिला अडवते. गेल्या वर्षी नववीच्या एका गटानं गाडी केली: ऊनो, एल२९८एन हा मोटार ड्रायव्हर (बोर्डाच्या सांगण्यावरून मोटारींना करंट देणारी पट्टी), दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटारी, पुढे अंतराचा सेन्सर, आणि सगळ्याला मिळून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. गाडी हातात उचलून धरली की चाकं मस्त फिरायची. जमिनीवर ठेवली की वीतभर जायची, थांबायची, पुन्हा वीतभर, पुन्हा थांबायची. गटानं दोन तास प्रोग्रॅम बदलला, पाच वेळा. मी म्हटलं, प्रोग्रॅमला हात लावू नका, मोजा. एका मुलीनं बॅटरीवर पिना धरल्या: ९.२. ‘सर, बॅटरी ठीक आहे.’ ‘गाडी चालू असताना मोज.’ तिघं गाडीमागे रांगत निघाले, एकानं मीटर धरलेला, तिनं पिना. आकडा ५.८ वर आला आणि परत ९ कडे गेला. ती काही बोलली नाही, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. इतक्यात मीटर धरणाऱ्यानं पाहिलं की गाडी थांबते त्या क्षणी बोर्डावरचा १३ नंबरच्या पिनेचा छोटा दिवा भरभर लुकलुकतो. हा दिवा त्यांनी रोज पाहिला होता, रिसेटचं बटण दाबल्यावर.

पुढची साखळी त्यांनीच जोडली. चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, ती मीटर किंवा लहान रेडिओ चालवायला ठीक. मोटार सुरू होताना, तेही गाडीचं वजन ओढताना, मोठा करंट मागते. बॅटरीचे व्होल्ट कोसळतात. ऊनोला बाहेरून किमान ७ व्होल्ट तरी लागतात, त्याच्या बरेच खाली गेले की बोर्ड रिसेट होतो, मोटारी थांबतात. मोटारी थांबल्या की बॅटरी सावरते, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, आणि पुन्हा तेच. चाकं हवेत असताना ओझं नाही, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत. मग आम्ही मोटारींना सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल दिले. मिळून ७.२ व्होल्ट, त्यातले दोनेक एल२९८एन स्वतः खातो, मोटारीला पाच पोचतात. ऊनोला वेगळी पॉवर बँक. गाडी मुळीच चालली नाही! दोन्हींचं ग्राउंड एकमेकांना जोडायचं राहिलं होतं. पण हे शोधायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि या वेळी कुणी प्रोग्रॅम उघडला नाही. (पॉवर बँकेचं एक लक्षात ठेवा: काही पॉवर बँका इतक्या कमी करंटला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून बंद होतात.)

गट करताना तीनच मुलांचा करा आणि कामं ठरवून द्या: एकाचे हात, एकाचा मीटर, एकाची वही. दर तासाला कामं फिरली पाहिजेत. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण सोडून दिलं की स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात जातो आणि वही मुलीच्या, आणि वर्षभर तसंच राहतं. मुलींना आवड नाही असं मग आपणच म्हणतो. फळ्याच्या कोपऱ्यात आज कुणाचे हात, कुणाची वही, हे लिहून ठेवा.

प्रदर्शनाचा रोबोट. मुख्याध्यापकांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, शाळेला काही दाखवायचं असतं. पण बाजारातून तयार आणलेला, यूट्यूब बघून जोडलेला लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या रेघेमागे जाणारी गाडी) परीक्षकांनी अनेक शाळांच्या टेबलांवर पाहिलेला असतो, आणि ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारलं की मुलं गप्प होतात. त्याऐवजी शाळेचीच एखादी अडचण घ्या. आमच्या मुलांनी शाळेची पाण्याची टाकी घेतली होती, ती भरून वाहायची. आधी पाण्यात दोन तारा सोडल्या, पाणी पोचलं की बझर वाजेल. आठवड्यात एक तार हिरवी-काळी पडली, विद्युत अपघटन त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. मग वरून अंतराचा सेन्सर लावला, तर टाकीतल्या वाफेचे थेंब त्याच्यावर जमायचे आणि तो काहीही आकडे द्यायचा. शेवटी त्यांनी साधा तरंगता खटका बसवला, त्यात ना सेन्सर, ना प्रोग्रॅम. प्रदर्शनात त्यांनी तिन्ही मांडले, सडलेली तारही, आणि महागडं सोडून साधं का निवडलं ते सांगितलं. परीक्षक त्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ उभे होते. पंप आपोआप बंद करायचा मोह मुलांना झाला, तो मी होऊ दिला नाही. २३० व्होल्टला शाळकरी मुलाचा हात लागता कामा नये, रिले (विजेनं चालणारा खटका) मध्ये असला तरी. बझर वाजला की शिपाईमामा पंप बंद करतात.

गावाच्या अडचणीतून तंत्रज्ञान शिकवण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत, गावाला उपयोगी पडत शिकायचं, हाच तिथला अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये तिथेच झाली. जमलं तर मुलांना घेऊन एक दिवस पाबळला जाऊन या. तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे पुरे आहेत. ते स्वतः शिकण्यासारखे छोटे आहेत आणि मराठीतही बरेच मिळतात. मुलांच्या दोन आठवडे पुढे राहिलात तरी पुरतं. जिथे अडाल तिथे ‘मलाही माहीत नाही, मोजून बघू’ असं वर्गातच म्हणा. मुलं त्यानं निर्धास्त होतात.

गुण कसे द्यायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल. मी चालणाऱ्या गाडीला गुण देत नाही. प्रत्येक मुलाची एक बिघाडवही असते: काय चालत नव्हतं, मला काय वाटलं, काय मोजलं, काय निघालं. चार रकाने, तारखेसह. वर्षअखेरीला पंधरा-वीस नोंदी होतात. तोंडी परीक्षेला त्यातली एक मी निवडतो आणि मुलाला ती समजावून सांगायला लावतो. ज्याची गाडी शेवटपर्यंत चालली नाही, पण वही भरलेली आहे, त्याला माझ्याकडे चांगले गुण पडतात.

सोल्डरिंग पहिल्या वर्षी आठवीला नको. दहावीला द्या, खिडकी उघडी ठेवून, चष्मा लावून. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की डबा खायच्या आधी साबणानं हात धुवायचेच.

डबे उघडायला एखादा शनिवार निवडा, सात-आठ मुलं सोबत घ्या आणि यादीवर खूण करत एकेक वस्तू काढा. सगळ्यात आधी बॅटऱ्या बघा. बरेच महिने पडून राहिलेल्या साध्या सेलमधून पांढरी भुकटी बाहेर आली असेल, ती ओल्या फडक्यानं पुसा, मुलांना हात लावू देऊ नका. लिथियमची एखादी चपटी बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली तर ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. वाळू भरलेल्या डब्यात ठेवून तो डबा लॅबच्या बाहेर न्या आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ऊनो, मोटारी आणि सेन्सर किती निघाले ते मला कळवा, त्याप्रमाणे ४२ मुलांचे गट कसे पाडायचे ते आपण ठरवू.